चाड्यातली मूठ

वडगाव रासाईला भीमेच्या काठी नबीलाल यांचा मळा आहे. त्या मळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोलीबाहेर एक खुंटी आहे आणि त्या खुंटीला टांगलेलं मी एक जुनं चाडं आहे. आता तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघाल. बघा. चाडं म्हणजे काय, हे हल्ली तुमच्या आईवडिलांनाही धड सांगता यायचं नाही. पेरणीच्या पाभरीवर जो लाकडी वाडगा बसवतात, तो मी. माझ्या बुडाला भोकं आहेत, भोकांना नळ्या जोडलेल्या असतात आणि नळ्या खाली फणांपर्यंत जातात. माझ्यात दाणे सोडायचे, ते घरंगळत तासात, म्हणजे फणाने पाडलेल्या चरीत पडायचे, एवढंच माझं काम. दिसायला मी देखणा नाही आणि कधी नव्हतोही.

मित्रांनो, घाबरणार नसाल तर आणखी एक गोष्ट सांगतो. माझ्यात एक मूठ राहते. बाईमाणसाची मूठ. ती बाई मातीत गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण पेरणीचे दिवस आले की ती मूठ माझ्या काठावर येऊन टेकते. आत दाणा एकही नसतो, तरी भोकांतून काहीतरी सारखं खाली झिरपत राहतं. मी भित्रा नाही. पण तेव्हा माझं लाकूड गार पडतं.

माझा जन्म नदीपलीकडचा, राहूचा. तिथल्या एका सुताराने मला बाभळीच्या जुन्या खोडातून कोरून काढलं. नबीलाल तेव्हा तरुण होते, नुकतंच लग्न झालेलं. मला धोतराच्या टोकात गुंडाळून ते होडीतून अलीकडे आले आणि मोठ्या कौतुकाने बायकोच्या हातात दिलं. तिचं नाव लालबी. तिने माझ्या एकेका भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये एक भोक बारीक हाय. हुलगा अडकंल. मोठं करून आणा."

बिचारे नबीलाल त्याच पावली पुन्हा नदीपलीकडे गेले. सुतार मनातून चांगलाच चिडला असणार, कारण ते भोक त्याने जरा जास्तच मोठं केलं. लालबी मग आयुष्यभर त्या भोकावर अंगठा आडवा धरून पेरत आली. ती मूठ अशी घडली.

आमच्याकडे पेरणीची रीत अशी होती, की पुढे गडी बैल हाकणार आणि मागे बाई चाड्यावर मूठ धरणार. बैल हाकणं सोपं. मूठ धरणं अवघड. मुठीतले दाणे चालता चालता बोटांच्या फटीतून असे सोडायचे, की सगळ्या भोकांत सारखे पडावेत. मूठ जरा आवळली की तासात मधेमधे मोकळी खांडं पडतात, सैल झाली की दाट होतं आणि उगवल्यावर सगळ्या गावाला दिसतं. लालबीच्या मुठीला मात्र खोड काढायला जागा नसे. शेजारच्या रानाचे हौसराव यांचा एक बैल आणि आमचा एक, असा वारंगुळा होता, त्यामुळे दोन्ही रानं तिच्याच मुठीवर पेरली जायची. पेरणी सुरू करताना हौसरावांची साखरबाई मला हळदकुंकू लावायची आणि लालबी बिस्मिल्ला म्हणून पहिली मूठ सोडायची. मला दोन्ही आवडायचं.

एका गोष्टीवर ती फार अडून बसायची. बाजरी पेरली की त्यात हुलग्याची म्हणजे कुळथाची, मटकीची, तुरीची तासं पाहिजेतच. पुढच्या साली जिथे ज्वारी करायची, तिथे आधी हुलगा. नबीलाल कधी म्हणाले, "यंदा नुसती बाजरीच करू," तर ती माझ्यावरची मूठच काढून घ्यायची आणि बांधावर जाऊन बसायची. मग हुलगा आणला जायचा.

हुलग्याला कळी धरायच्या सुमारास मळ्यात एक खेळ चालायचा. तिचा लेक नौशाद तेव्हा तुमच्याएवढा होता. तो हुलग्याचा एक वेल मुळासकट उपटायचा. मुळाला बारीक बारीक गाठी असायच्या. लालबी बांधावरून ओरडायची, "रगत हाय का?"

नौशाद नखाने गाठ फोडायचा. आतून लालसर गुलाबी पाणी यायचं, नख रंगायचं. मग तो बोट वर करून ओरडायचा, "हाय, अम्मी!"

लालबी हसून पुन्हा खुरपायला लागायची. रानात रगत आहे म्हणजे रान जिवंत आहे, एवढंच तिला तिच्या आईने सांगितलेलं होतं. बाकी तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

बाकीचं मला पुढे दीक्षाताईंकडून कळलं. त्या आमच्या भागातल्या कृषी सहायक. त्या माझ्या खुंटीखाली उभं राहून तहमीनाला समजावत होत्या, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. तहमीना म्हणजे नौशादची बायको, तिची गोष्ट पुढे येते. तर ऐका. प्रत्येक झाडाला वाढायला नत्र लागतो. आपल्या भोवतीच्या हवेत पाऊण हिश्श्याहून जास्त नत्रच आहे. पण गंमत बघा, बाजरी, ज्वारी, ऊस त्या हवेत उभे राहून उपाशी राहतात, कारण हवेतला नत्र त्यांना पचत नाही. त्यांना तो मातीतूनच लागतो आणि ते मातीतला काढून घेतात. हुलगा, मटकी, तूर, ताग ही मंडळी वेगळी. त्यांच्या मुळांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू शिरतात. मूळ त्यांच्यासाठी गाठ बांधून त्यांना घर देतं, पानांत तयार झालेली साखर खायला देतं आणि त्या बदल्यात जिवाणू हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात. गाठीत हे काम चालू असलं की ती आतून लाल दिसते. काम बंद असलं की पांढरी किंवा हिरवट. पीक निघाल्यावर मुळं आणि पाला रानात कुजला, की त्यातला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. म्हणजे लालबी विचारायची तो प्रश्न अगदी बरोबर होता.

मग नदीवर मोटारी बसल्या आणि मळ्यात ऊस आला. खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं तो ऊस बघत राहावा असा होता. पाभर मोडीत निघाली, तिचं लाकूड चुलीत गेलं. मला मात्र नबीलाल यांनी ठेवलं, कारण माझ्यात युरिया मापता येत होता. बुडाची भोकं त्यांनी चिंध्यांनी बुजवली आणि मला पोत्यात बुडवायला सुरुवात केली. मित्रांनो, ओल्या हाताने कधी युरिया उचलून पाहा. तो बर्फासारखा गार लागतो. ज्या पोटात उन्हात तापलेले हुलगे पडायचे, त्यात हे पांढरं गार काहीतरी वर्षानुवर्षं पडत राहिलं.

युरियाचा मला राग आहे, पण तो लबाड नाही. तोही नत्रच देतो आणि पटकन देतो. पण आमच्या मळ्यात दुसरं काहीच पडेना. ना हुलगा, ना शेणखत. उसाचं पाचटही पेटवून द्यायचे. वर पाणी मात्र धो धो. लालबी म्हणायची, "नुसतं घेताय तिच्यापून. द्याल कवा?" आणि एका हिवाळ्यात ती तापाने गेली.

मळ्याच्या कोपऱ्यात नबीलाल यांच्या आईची कबर होती. तिच्या शेजारी लालबीला ठेवलं. माझ्या खुंटीवरून तो कोपरा समोरच दिसतो. तिथे कधी नांगर फिरला नाही की युरिया पडला नाही. नबीलाल यांनी कबरीवर सब्जा लावला आणि दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, पाखरांसाठी मूठभर हुलगे टाकायला लागले. पाखरं काही खायची, काही तिथेच उगवायचे. दर पावसाळ्यात दोन्ही कबरींभोवती हुलग्याचे वेल पसरायचे आणि ते कोणी उपटत नसे.

त्याच सुमारास ती मूठ माझ्याकडे यायला लागली. वारा बुजवलेल्या भोकांतून वाट काढायचा आणि मला स्पष्ट ऐकू यायचं, रगत हाय का? मी रानाकडे बघायचो. रान काही बोलायचं नाही. दरवर्षी ते जास्त कडक होत गेलं, पाणी वरच तुंबायला लागलं, उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर दिसायला लागला. युरियाची मापं वाढत गेली तरी ऊस पिवळाच. ती पुन्हा विचारायची. मी लाकडाचा तुकडा, मी काय उत्तर देणार? ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, आणि त्याचा मला फार त्रास व्हायचा.

नौशाद मोठा झाला, रांजणगावच्या एका कंपनीत लागला. रोज कंपनीच्या बसने जायचा आणि शिफ्ट संपली की डोळे चोळत यायचा. रानाशी त्याचं बोलणं तुटलं. एक दिवस तो खोलीबाहेर बसून नबीलाल यांना म्हणाला, "अब्बा, ऊस व्हत न्हाई आता. माती वीटभट्टीला देऊन टाकू. कमरंएवढी काढत्यात, पोकलेन लावून."

"आन् कबरी?" नबीलाल यांनी विचारलं.

"कबरींना कोण हात लावतंय? त्या हाईत तशाच ऱ्हातील."

नबीलाल कोपऱ्याकडे वळून बघायला लागले. मग मीही त्यांच्याबरोबर ते चित्र पाहिलं. सगळा मळा खाली गेलेला, खड्ड्यात नदीचं पाणी साचलेलं आणि कोपऱ्यात दोन कबरी उंच टेकाडावर एकट्या, जायला वाट नाही. त्या रात्रीच काय, पुढे कितीतरी दिवस ते माझ्या समोरून हलेना.

तेव्हा तहमीना मध्ये पडली. कोपऱ्यातल्या कबरींना सकाळी पाणी घालणारी तीच. ती नवऱ्याला म्हणाली, "एक पावसाळा द्या मला. दीक्षाताई म्हणत्यात, ताग करा आन् फुलावर आला की रानातच गाडा. रान सुधारतंय."

"न्हाई सुधारलं तर?"

"तर मंग आणा तुमचं पोकलेन. मी आडवी येनार न्हाई."

नौशादने भट्टीवाल्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं.

ताग उगवला आणि असा वाढला म्हणता! गर्द हिरवा, माणसाच्या छातीला लागेल असा. हौसराव आता थकलेत, तेसुद्धा काठी टेकत बघायला आले. नौशाद बसमधून उतरला की घरी जायच्या आधी एक चक्कर मारायचा. तहमीनाचा पाय जमिनीवर नव्हता. एकटा मी गप्प होतो, कारण ती मूठ अजून तेच विचारत होती, आणि मला जे माहीत होतं ते घरात आणखी एकालाच माहीत होतं.

दीक्षाताई आल्या. त्यांनी एक रोप उपटलं, माती झटकली, मूळ उलटंसुलटं केलं. दुसरं उपटलं. तिसरं. मुळं साफ टकली होती. गाठ म्हणून नाही.

"आबा," त्या हळूच म्हणाल्या, "यात खत टाकलंय का कोणी?"

नबीलाल यांनी मान खाली घातली. त्यांनी पेरणीनंतर आठवडाभरात, सून घरात असताना, माझ्यातूनच मापून सगळ्या रानात युरिया फेकला होता. "पोरीची लाज ऱ्हावी म्हून टाकला," ते म्हणाले. "नवऱ्यापुढं शबूद दिलाय तिनं. म्हनलं ताग तरी जोमात दिसूं दे."

उसाला जन्मभर खत घातलेल्या माणसाची माया ही अशी. दीक्षाताई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "झाडाला नत्र आयता मिळाला की ते जिवाणूंना बोलावतच नाही. साखर कशाला खर्च करील? त्यातून इतकी वर्षं नुसता ऊस. ते जिवाणू या रानात उरलेच असतील की नाही, शंका आहे. ताग गाडा, त्याने माती भुसभुशीत होईल. पण हवेतलं यात काही आलेलं नाही. तुम्ही दिलं तेवढंच परत मिळेल."

मग मला कळलं, रान उत्तर का देत नव्हतं. त्यात उत्तर देणारं कोणी उरलंच नव्हतं.

नौशादला हे संध्याकाळी समजलं. तो बापावर ओरडला नाही, त्यानेच जास्त वाईट वाटलं. "जाऊ द्या अब्बा. दसऱ्याला बोलावतो त्याला," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

ताग गाडला. तो कुजेपर्यंत मळ्यात उग्र वास भरून राहिला. मग तहमीनाने हुलगा पेरायचं ठरवलं, उशिराच्या पेरणीला हुलगा चालतो. बियाण्याला जिवाणू चोळायचे होते. दीक्षाताई म्हणाल्या होत्या की त्याची पाकिटं मिळतात, ती त्या आणून देणार होत्या, पण नाही जमलं तर जिथे हुलग्याला चांगल्या गाठी येतात तिथली मूठभर मातीही चालते. पाकिटं काही आली नाहीत, तेव्हा तहमीनाकडून हे ऐकून नबीलाल उठले. कोपऱ्यात गेले, लालबीच्या कबरीच्या पायाशी बसले आणि काठावरचा एक वेल उपटला. बराच वेळ त्यांची पाठच मला दिसत होती. परत आले तेव्हा त्यांचं नख लाल होतं.

तहमीना दचकली. "अब्बा, तिथली माती आनू नये म्हनत्यात. मानसं काय म्हनतील?"

"घरात कुठं न्यायचीय? तिच्याच रानात न्यायचीय," नबीलाल म्हणाले. "कबरीला हात लावत न्हाई मी. वेलाच्या मुळाशी हाय तेवढीच."

त्यांनी मला खुंटीवरून काढलं. भोकांतल्या चिंध्या ओढून काढल्या, मला भीमेत नेऊन घासलं. कितीतरी वर्षांनी माझ्यातून वारा आरपार गेला. माझ्यात हुलगे ओतले, गुळाचं पाणी शिंपडलं आणि वर ती माती. सावलीत बसून तहमीनाने हाताने कालवलं. ती माती ऊबदार होती, हे मी शपथेवर सांगतो.

हौसरावांकडे जुनी पाभर माळ्यावर होती. बैलजोडी त्यांच्या पुतण्याची. नबीलाल हाकायला पुढे झाले आणि तहमीनाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर मूठ धरली. पहिल्या तासाला तिची मूठ इतकी आवळलेली होती, की मला वाटलं, निम्मं रान मोकळं राहणार. दुसऱ्या तासाला बैल वळले आणि माझ्या काठावर आणखी काहीतरी टेकलं. तुम्ही विश्वास ठेवा की ठेवू नका. तहमीनाचा अंगठा आपोआप आडवा झाला आणि त्या मोठ्या भोकावर जाऊन बसला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मूठ बेताची झाली, दाणे सारखे पडायला लागले.

पुढे नबीलाल चालत होते. नळ्यांतून पडणाऱ्या दाण्यांचा आवाज त्यांना ओळखीचा होता. मागे न बघता ते म्हणाले, "लालबी, सावकाश. वळण आलं."

तहमीनाने "व्हय जी" म्हटलं आणि मूठ चालू ठेवली.

हुलगा उगवला, पण ताग उगवला होता तसा डौलात नाही. सुरुवातीला फिकट, खुजा. नौशादने बांधावरून बघितलं आणि मान हलवली. दसरा जवळ आला. वीटभट्टीवाल्याचा माणूस येऊन दोरी टाकून गेला, कुठून खणायचं याच्या खुणा करून गेला. कबरींभोवती त्याने चुन्याची रेघ मारली. ती पांढरी रेघ बघून माझ्या अंगावर काटा यायचा, आणि लाकडाला काटा येत नाही असं मला कोणी सांगू नये.

ठरलेल्या सकाळी नौशाद शिफ्ट करून आला, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच. तहमीना रानात वाकलेली होती. तिने बऱ्याच तासांतले वेल उपटून बघितले होते. पुष्कळशा मुळांवर काही नव्हतं. काहींवर पांढऱ्या बारीक टिकल्या. कोपऱ्याजवळच्या तासातला एक वेल तिने उपटला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

नौशाद खाली बसला. त्याच्या बोटांना कंपनीचं ऑईल लागलेलं. मुळाला गाठी होत्या, थोड्याच, पण टपोऱ्या. त्याने एक गाठ नखाखाली धरली आणि थांबला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला. त्याने गाठ फोडली.

नख लाल झालं.

तो नखाकडे बघत बसला. फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्याने डाव्या हाताने उचलला आणि म्हणाला, "न्हाई. माती द्यायची न्हाई. गाडी आनू नका." मग तो उठून उभा राहिला. कोपऱ्याकडे तोंड केलं, लहानपणी करायचा तसं बोट वर केलं आणि ओरडला,

"हाय, अम्मी! रगत हाय!"

कोणी विचारलं नव्हतं. निदान त्याला तरी कोणाचं काही ऐकू आलेलं नव्हतं. तहमीना त्याच्याकडे बघत राहिली. नबीलाल तिथेच ढेकळावर बसले आणि त्यांनी तोंडावर पटका ओढून घेतला.

मित्रांनो, आमचं रान बरं झालेलं नाही. त्याला अजून बरीच वर्षं लागतील. दीक्षाताईंनी बजावून सांगितलंय, की शेंगा काढा, पण वेल आणि मुळं रानातच राहू द्या, सगळंच उपटून नेलं तर मातीला काही उरत नाही. पुढच्या साली अर्ध्यात ऊस आणि अर्ध्यात हुलगा आहे. मी पुन्हा खुंटीवर आलो आहे, पण माझी भोकं आता मोकळी आहेत.

त्या सकाळपासून ती मूठ माझ्याकडे आलेली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटत. वारा आला की मी अजून कान देतो.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही कधी रानात गेलात, तर हुलग्याचा किंवा मटकीचा एखादा वेल हळूच उपटा, मालकाला विचारून. मुळाची गाठ नखाने फोडा. आणि लाल दिसलं, तर गप्प बसू नका, मोठ्याने सांगा. ज्यांनी ते रान जपलं, त्यांतलं कोणीतरी तिथेच जवळपास असतं.